झाकण्याआधी

सकाळचे साडेनऊ वाजले असतील. छपराच्या पूर्वेकडच्या उतारावर तपासनीस बाई गुडघे टेकून बसल्या होत्या आणि नारिंगी खडूने प्लायवूडवर गोल काढत होत्या. प्रत्येक गोलाच्या मध्ये एक खिळा. मी खाली अंगणात पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी. छपरवाल्यांचा मुकादम शिडीच्या मधल्या पायरीवर थांबलेला, एक पाय वर, एक खाली. बाईंनी वरूनच सांगितलं की या बाजूचं, प्लायवूडवर अंथरलेलं अस्तर परत काढावं लागेल. खिळे सहा-सहा इंचांवर हवेत, इथे मध्येच आठ-नऊ इंचांचं अंतर पडलंय, आणि काही खिळे खालच्या लाकडाला लागलेच नाहीत. अस्तराच्या दोन पट्ट्या ठोकून झाल्या होत्या. दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूने, ढग वर चढायला लागले होते. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. बोलला काहीच नाही, नुसतं पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन-तीन इंचांचा तर फरक आहे. असू द्या ना."

बाईंनी मान वर केली नाही. "मॅम, घर तुमचं आहे," त्या म्हणाल्या, "पण मी जे पाहिलं तेच मला लिहावं लागतं." आणि पुढचा गोल काढला.

ही 2024 च्या मे महिन्यातली गोष्ट. अस्तर निघालं, खिळे नव्याने बसले, छप्पर झालं, प्रमाणपत्रही आलं. तरी ते "असू द्या ना" माझ्या कानातून जात नाही. छप्पर माझं, त्याखाली झोपणारी लेक माझी, आणि सूट द्यायला निघाले होते मी. ज्यांचा त्या घराशी काही संबंध नव्हता त्या बाई मात्र दोन इंच सोडायला तयार नव्हत्या.

आम्ही अलाबामाच्या अगदी खालच्या टोकाला राहतो, मोबील खाडीच्या पूर्व काठावर. नवऱ्याची नोकरी विमानाच्या कारखान्यात, म्हणून इथे आलो. अमेरिकेतल्या सर्वांत जास्त पावसाच्या शहरांत मोबीलचं नाव घेतात, आणि श्रीवर्धनकडून आलेल्या मला पहिल्या वर्षी त्याचंच अप्रूप होतं. दुपारी आभाळ एकदम काळं होतं, तापलेल्या रस्त्यावर सरी कोसळतात आणि ओल्या पाइनचा नि खाडीच्या चिखलाचा असा वास उठतो की डोळे मिटले तर खाजणाच्या बांधावर उभं असल्यासारखं वाटावं. इथली जुनी माणसं वर्षं वादळांनी मोजतात. अमक्याचं लग्न आयव्हनच्या आधीचं, तमक्याचं दुकान कतरिनानंतरचं. आयव्हन गल्फ शोअर्सला धडकलं ते 16 सप्टेंबर 2004 ला. बरोबर सोळा वर्षांनी, 16 सप्टेंबर 2020 ला, सॅली त्याच गल्फ शोअर्सला आलं. शेजारच्या आजी तारखेचा हा मेळ सांगताना अजूनही आवाज खाली आणतात.

वादळ येतं आणि जातं, अशी माझी समजूत. सॅली आलं आणि बसलं. माणूस रमतगमत चालतो तेवढाच त्याचा वेग होता. तास न् तास तोच वारा, तोच पाऊस. आम्ही तिघं घराच्या मधल्या बोळात गादी टाकून बसलो होतो. आधी पत्त्यांचा कॅट पिसल्यासारखा आवाज यायला लागला, फर्रर्र, थांबून परत फर्रर्र. शिंगल्स, म्हणजे छपरावरच्या डांबरी चकत्या, एकेक करून सुटत होत्या. मग बराच वेळ तो आवाज बंद झाला आणि मला वाटलं, सुटलो. पहाटे लेकीच्या खोलीत टॉर्च मारला तर पांढऱ्या छतावर तपकिरी डाग उमटलेला, कडेने ओला, मध्ये फुगलेला. बोट लावलं तर छताचा गिलावा मऊ झालेल्या भाकरीसारखा आत गेला. त्या ओल्या जिप्समचा वास पुढे कित्येक महिने त्या खोलीत होता. उदबत्ती लावली, खिडक्या उघड्या टाकल्या, तो गेला नाही.

त्याच वर्षी साडेतीन महिने आधी, 3 जूनला, निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं होतं. श्रीवर्धनजवळच्या वाडीत दादा, म्हणजे माझे वडील, आणि आई दोघंच होते. वीज गेली, टॉवर गेले, फोन लागेना. मी रात्रभर फोनच्या पडद्यावर कोणी कोणी टाकलेले फोटो मोठे करून आमचं आढं कुठे दिसतं का ते शोधत बसायची. नवव्या दिवशी दादांचा आवाज आला. "घर उभं आहे," म्हणाले. मग थोडं थांबून, "छप्पर नाही." पोफळी एकीवर एक आडव्या झाल्या होत्या, त्या वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, हे त्यांनी नंतर सांगितलं. पोफळीला धरायला पाच-सात वर्षं लागतात. दादा तेव्हा पंचाहत्तरीचे होते.

एका वर्षात दोन घरं उघडी पडली, आणि दोन्हीकडे छप्पर परत चढलं तेव्हा ते कसं चढलं हे कोणी पाहिलं नाही.

इकडची कथा अशी. सॅलीनंतर प्रत्येक तिसऱ्या घरावर निळी ताडपत्री होती. आमच्याही. ऑक्टोबरच्या शेवटी झीटा वादळ आलं, त्यात ती ताडपत्रीही फाटली. छपरवाले मिळेनात. मिळाले ते दुसऱ्या राज्यातून आलेले, दारोदार फिरणारे, हातात टॅब्लेट आणि गळ्यात ओळखपत्र. जानेवारीत एका दिवसात त्यांनी जुनं काढून नवं छप्पर चढवलं. सकाळी सातला आले, अंधार पडायच्या आत गेले. मी त्यांना पोटभर जेवू घातलं. तापलेल्या डांबराचा वास, खिळ्यांच्या बंदुकीचा टक-टक-टक आवाज, आणि संध्याकाळी रस्त्यावरून पाहिलं तर एकसारख्या राखाडी रांगा. मी रडले होते. त्या रांगांच्या खाली काय आहे हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. यायला हवा होता, कारण मी शाकारणीच्या घरात वाढलेय.

आमच्याकडे दर वर्षी वैशाखात घर शाकारायला बुवा यायचे. वाडीतल्या भजनात पेटी धरायचे तेच बुवा. कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा कुजल्या असतील तर बदलायच्या, आणि खालून वर एकेक रांग चढवत आढ्यापर्यंत जायचं. आम्ही पोरं खालून कौलं देणाऱ्या साखळीत. हात लालभडक व्हायचे, नाकात वर्षभराची काजळी आणि उंदरांच्या लेंड्यांचा वास. काम संपलं की बुवा हातपाय धुऊन पडवीत चहाला बसायचे, आणि तेव्हा आजोबा उठायचे. माजघराची दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगायचे आणि काठी घेऊन माळ्यावर चढायचे. मी त्यांच्या मागे. भर दुपारी माळ्यावर काळाकुट्ट अंधार. डोळे सरावले की त्या अंधारात उजेडाचे ठिपके दिसायला लागायचे. जिथे दोन कौलांचा सांधा नीट बसला नाही तिथे एक ठिपका. आजोबा काठीच्या टोकाने ते कौल खालून हळूच हलवायचे आणि हाक मारायचे, "बुवा, वर या जरा." बुवा चहा अर्धा ठेवून यायचे. कधी त्यांचा चेहरा पडायचा नाही की आजोबांचा आवाज चढायचा नाही. दोघं अंधारात उभे राहून ठिपके मोजायचे. "अकरा," आजोबा म्हणायचे. "बारा, तो पाखाडीच्या कोपऱ्यातला धरा," बुवा म्हणायचे.

बुवा स्वतःहून बारावा दाखवायचे, हे मला तेव्हा साधं वाटायचं.

2023 मध्ये लेकीच्या खोलीत पुन्हा डाग आला. मोठं वादळ नाही, साधा आडवा पाऊस. अलाबामात राज्याची एक योजना आहे, वादळाला टिकेल असं छप्पर घालायला 10,000 डॉलरपर्यंत अनुदान देते. पैसा करातून नाही, विमा कंपन्यांकडून घेतलेल्या शुल्कातून येतो. छप्पर मात्र फोर्टिफाइड नावाच्या मानकाप्रमाणे व्हावं लागतं. हे मानक विमा उद्योगाच्या एका संशोधन संस्थेने ठरवलंय. साउथ कॅरोलिनात रिचबर्गला त्यांची प्रयोगशाळा आहे, तिथे 105 प्रचंड पंखे एका भिंतीत बसवलेत आणि त्यांच्यासमोर अख्खी घरं बांधून ती उडवून पाहतात. पण अनुदानापेक्षा मला वेगळी वाटली ती दुसरी अट. छपरवाला कोणीही असो, तपासायला तिसरी व्यक्ती हवी. तिचा छपरवाल्याशी पैशाचा संबंध असता कामा नये. तिची फी वेगळी. आणि तिच्याही हातात शेवटचा निकाल नाही. ती फोटो आणि कागद संस्थेकडे पाठवते, तिथे ते पडताळले जातात, मग प्रमाणपत्र. प्रमाणपत्र आल्याशिवाय अनुदानाचा पैसा छपरवाल्याला मिळत नाही.

पहिल्या भेटीला बाई आल्या तेव्हा छपराकडे त्यांनी पाहिलंही नाही. "माळ्यावर कुठून जायचं?" हा पहिला प्रश्न. इथले माळे म्हणजे छतातली एक झडप आणि घडीची शिडी. वर गुलाबी काचलोकर पसरलेली, अंगाला लागली की दोन दिवस खाज. मार्च महिना होता तरी आत कोंडलेली धग. बाई सांगाड्याच्या लाकडांवर पाय ठेवत, ओणव्या होऊन पार वळचणीच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि टॉर्च छपराच्या आतल्या बाजूने आडवा धरला. मी झडपेतून अर्धी वर आले होते. तर सगळीकडे चमचम. लाकडाच्या शेजारून, इंचभर बाजूने, खिळ्यांची टोकं ओळीने बाहेर आलेली आणि टॉर्चच्या उजेडात लकाकणारी.

"हे प्रत्येक टोक म्हणजे चुकलेला खिळा," त्या म्हणाल्या. "लाकडात गेलेला खिळा दिसत नाही."

मी तिथेच शिडीवर उभी राहिले. आजोबांच्या माळ्यावर उजेडाचे ठिपके होते, इथे लोखंडाचे. मोजायला लागले आणि चाळीसच्या पुढे सोडून दिलं.

पुढे कळत गेलं ते असं. आमच्यासारख्या घरांत सांगाड्याची लाकडं दोन-दोन फुटांवर असतात आणि त्यांची रुंदी दीड इंच. वरून प्लायवूडचं चार बाय आठ फुटांचं तक्तं टाकलं की ती लाकडं दिसेनाशी होतात. खिळे मारणारा माणूस आठवणीने आणि अंदाजाने मारतो. पूर्वी हातोडा होता तेव्हा लाकूड लागलं की नाही हे मनगटाला कळायचं, खिळ्याचा आवाज बदलायचा. हवेच्या बंदुकीने सगळे खिळे सारख्याच आवाजात आत जातात. मग तक्त्यावर अस्तर, त्यावर शिंगल्स, आणि झालं, आता पुढच्या वादळापर्यंत ते कोणाला दिसणार नाही. वारा छपरावर दाब देऊन ते पाडतो असं मला वाटायचं. तो दाबत नाही, उपसतो. उतारावरून वेगाने जाताना वरच्या वर खेचतो, आणि सर्वांत जास्त कडांना नि कोपऱ्यांना. तिथे तक्तं धरून ठेवणारं काही असेल तर ते खिळेच. म्हणून हे खिळे साधे चालत नाहीत, अंगाला चुड्या असलेले लागतात, ते उपसायला साध्या खिळ्याच्या दुपटीच्या आसपास जोर लागतो. पण चुड्या लाकडात गेल्या तर. हवेत लटकलेल्या चुड्यांचा काय उपयोग!

आणि शिंगल्स गेल्या तरी पाणी आत येऊ नये म्हणून तक्त्यांच्या सांध्यांवर चार इंच रुंद चिकटपट्टी. ही पट्टी मला सगळ्यांत पटली. दोन तक्त्यांमध्ये साधारण तीन मिलिमीटरची फट सोडतात, लाकूड फुगतं म्हणून. आमच्या छपराखालची जागा 2,000 चौरस फुटांच्या आसपास. तेवढ्यावर एक इंच पाऊस म्हणजे 4,700 लिटर पाणी. सॅलीने आखाताच्या या काठावर कुठे कुठे 20 इंचांच्या वर पाऊस टाकला होता. त्या फटींतून लेकीच्या खोलीत काय उतरलं असेल त्याचा हिशोब मी एकदा कागदावर मांडायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला.

हे काही नव्याने उमगलेलं शहाणपण नाही. 24 ऑगस्ट 1992 ला अँड्र्यू वादळाने मायामीच्या दक्षिणेकडचा भाग सपाट केला, तेव्हा उडालेल्या तक्त्यांवर लोकांनी पाहिलं की स्टेपलच्या ओळी अगदी सरळ, नीटनेटक्या आहेत आणि खालच्या वाशाला लागलेल्याच नाहीत. मायामी हेरल्ड या वर्तमानपत्राने त्या वेळी मोडक्या घरांचा आणि सरकारी नोंदींचा छडा लावला. दुबळी बांधकामं आणि नावापुरती झालेली तपासणी यांनी नुकसान किती वाढवलं हे त्यांनी दाखवलं, आणि 1993 चा पुलित्झर त्यांना मिळाला. तपासनिसांना दिवसाला इतक्या भेटी उरकायच्या असत की छपरावर चढायला वेळ कुठला? हे वाचलं तेव्हा मला त्या तपासनिसांचा राग आला नाही. शिडी गाडीला बांधलेली, ऊन मी म्हणतंय, यादीत अजून वीस पत्ते. "असू द्या" हे मी एकदाच म्हणाले. त्यांच्यावर दिवसातून किती वेळा म्हणायची पाळी येत असेल?

मुकादमाबद्दल लिहायलाच हवं. चांगला माणूस होता, हे मी मनापासून लिहितेय. चाळिशीचा, होंडुरासहून आलेला, पहाटे सहाला सगळ्यांच्या आधी हजर. त्याने आधी माझ्या लिंबाच्या झाडावर फळी आडवी लावली, वरून मोडतोड पडून फांदी तुटू नये म्हणून. त्या सकाळी चुकलेली बाजू त्याची नव्हती, त्याच्या हाताखालच्या नव्या पोराने ती केली होती, आणि वरून ऊन असं की प्लायवूडवर हात टेकवत नव्हता. ही माणसं तासावर नाही, छपराच्या चौरसावर पैसे घेतात. अस्तर काढून पुन्हा लावणं म्हणजे त्यांची अर्धी मजुरी पाण्यात. मी "असू द्या" म्हणाले ते त्याचा पडलेला चेहरा पाहून. मला वाटलं, आपण याच्यावर माणूस लावलाय. आपल्याकडे घरी कामाला आलेल्यावर नजर ठेवणं म्हणजे त्याचा पाणउतारा. आई तर भांडी घासणाऱ्या मावशी आल्या की मुद्दाम स्वयंपाकघरातून उठून बाहेर जायची, त्यांना वाटायला नको म्हणून.

पण दुपारी जे झालं ते मी जवळून पाहिलं. अस्तर निघालं. मुकादमाने त्या नव्या पोराला बाजूला बसवलं नाही की ओरडला नाही. त्याने खडूची दोरी घेतली, आढ्याकडचं एक टोक पोराच्या हातात दिलं, दुसरं वळचणीला आपण धरलं, ताणली आणि सोडली. टप्. प्लायवूडवर निळी रेघ, खालच्या लाकडाच्या बरोबर मधोमध. मग पुढची. मग त्याच्या पुढची. पूर्ण उतार निळ्या रेघांनी आखल्यावर बंदूक पोराच्या हातात दिली आणि स्वतः मोजपट्टी धरून त्याच्या मागे मागे सरकत गेला. बाई थोड्या अंतरावर बसून पाहत होत्या. एकेका तक्त्यावर मोजपट्टी पसरून फोटो काढायचा, फोटोत आकडे वाचता आले पाहिजेत. एका फोटोच्या वेळी वाऱ्याने पट्टी उडायला लागली तर मुकादमाने आपल्या अंगठ्याने ती दाबून धरली. तो फोटो माझ्याकडे आहे. सहा, बारा, अठरा इंचांवर खिळ्यांची डोकी आणि शून्यावर एक फाटक्या हातमोज्यातला अंगठा.

चारला पाऊस आला तेव्हा सांध्यांवरची पट्टी लागली होती. सगळे गॅरेजमध्ये उभे राहिले. मी मुकादमाला म्हटलं, सकाळी वाईट वाटलं का? त्याने टोपी काढून पाणी झटकलं. "ती सगळ्यांना सारखीच आहे," म्हणाला. "गेल्या महिन्यात माझ्या मेहुण्याचं छप्पर होतं. त्यालाही काढायला लावलं." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता, "उद्या वादळात हे उडालं तर लोक माझं नाव घेतील. कोणी पाहून गेलेलं बरं."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. बाईंना पैसे मी दिले होते, म्हणून मला वाटत होतं त्या माझ्या बाजूच्या. त्या माझ्याही नव्हत्या. माझ्या असत्या तर माझ्या एका शब्दावर थांबल्या असत्या. आणि त्याच्या असत्या तर त्याच्या चेहऱ्यावर. त्या फक्त त्या तक्त्याच्या होत्या. आजोबा आणि बुवांचं जमायचं कारण दोघं एका वाडीतले होते, आषाढात गळलं तर बुवांना आमच्याच ओटीवर बसून ते ऐकावं लागायचं. चाळीस वर्षांची ओळख हीच तपासणी होती. परक्या गावात, एका दिवसात येऊन जाणाऱ्या माणसांकडून छप्पर घालून घेताना ती ओळख आणायची कुठून? तिच्या जागी काहीतरी ठेवावंच लागतं, आणि ते परकंच असायला हवं असं आता मला वाटतं. अलाबामात आज अशी 50,000 च्या वर घरं आहेत. सॅलीत ज्यांच्यावर असं छप्पर होतं त्यांचे विम्याचे दावे कमी आले आणि आले तेही लहान, असं राज्याच्या विमा खात्याने अलाबामा विद्यापीठाकडून करवून घेतलेल्या 2025 च्या अभ्यासात दिसलं. विम्याच्या हप्त्यात वाऱ्यापोटी जो भाग असतो त्यावर सूट देणं इथे कायद्यानेच बांधून दिलंय. पण प्रमाणपत्राची मुदत पाच वर्षं. पाच वर्षांनी पुन्हा कोणीतरी येऊन पाहणार. ते मला आवडतं.

तिकडे, दादांकडे, निसर्गनंतर माणसं आली होती. पंचनामा झाला. किती कौलं, किती पत्रे, किती माड, किती पोफळी, सगळं लिहून नेलं. येणारी माणसं स्वतःच थकलेली, त्यांच्याही घरांवर छपरं नव्हती. मला म्हणायचंय ते वेगळंच. आपल्याकडे मोडलेलं मोजायला माणूस येतो, पण छप्पर चढत असताना, बोल्ट आवळत असताना कोणी येत नाही. दादांनी माजघरावर कौलंच ठेवली पण ओटी आणि पडवीवर पत्रे घातले, कारण कौलं मिळेनात, बुवा कधीच गेलेले, आणि शाकारणी येणारा माणूस पंचक्रोशीत उरला नव्हता. ज्याने पत्रे घातले तो चार दिवसांत घालून गेला, त्याला पुढे तीस घरं होती. पुढच्याच मे महिन्यात, 2021 मध्ये, तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्याने गुजरातकडे सरकलं. आमच्यापासून लांबूनच गेलं, तरी ओटीवरचे चार पत्रे गेले. एक शेजारच्या विहिरीत सापडला. कौल उडालं तर एक कौल उडतं, त्याच्या फटीतून वारा निघून जातो. पत्रा उडतो तेव्हा पाती होऊन उडतो. त्या रात्री अंगणात कोणी असतं तर, हा विचार मी करत नाही.

माझं इथलं छप्पर झाल्यावर सगळे फोटो मी दादांना पाठवले होते. अंगठ्यावाला फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला असावा. दोन दिवसांनी फोन आला. "तो बाई पाहते म्हणून अंगठा धरतोय की स्वतःहून?" एवढंच विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

या वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी ओटीवरचे पत्रे बदलायला काढले. आता ते एक्याऐंशीचे आहेत, शिडी चढू नका असं आईने देवासमोर उभं राहून शपथ घालून सांगितलंय. मी इथून म्हटलं, दादा, बोल्टांमधलं अंतर मोजायला सांगा. ते म्हणाले, मुलगा चांगला आहे गं, वाडीतलाच, त्याला कसं सांगू मोज म्हणून. मी गप्प बसले. त्यांचा अडथळा मला ओळखीचा होता. तासाभराने फोनवर एक फोटो आला. पुढे आलेल्या पत्र्याच्या उंचवट्यांवर जे-बोल्टांची रांग, त्यांच्यावर पसरलेली पिवळी मोजपट्टी, आणि पट्टीचं टोक दाबून धरलेला एक सावळा अंगठा, नखाला डांबर लागलेला. पाठोपाठ दादांचा मेसेज. "त्याला म्हटलं, मुलगी अमेरिकेहून फोटो मागते. आनंदाने धरली पट्टी."

इथे रात्रीचे बारा वाजले होते. घर झोपलेलं, खिडकीबाहेर नुसता बेडकांचा आवाज. मी फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि डावीकडून उजवीकडे सरकवत गेले. पहिला बोल्ट, खाली डांबरी वायसर, वर लोखंडी. दुसरा, तसाच. तिसरा. चौथ्याला वायसर नव्हता. बोल्टाची नटी सरळ पत्र्यावर टेकलेली आणि तिच्याभोवती पत्रा किंचित दबलेला. फोटो पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला. सावली असेल म्हणून पडद्याचा उजेड वाढवला. सावली नव्हती.

लेकीच्या खोलीचं दार लोटून मी बाहेर पडवीत आले आणि फोन लावला. दादांनी पहिल्याच रिंगला उचलला. मागे कोणीतरी हातोडी ठोकत होतं.

"चौथा ना?" ते म्हणाले. "मलाही दिसला. तो शिडीवरच आहे अजून. थांब, फोन त्याच्याकडे देतो."